दुतोंडी ध्वनिक्षेपक आणि विषम खोली

रायपूर शहरात तात्यापारा नावाची एक जुनी वस्ती आहे. मराठी वाचकाला ‘पारा’ म्हटले की उष्णतामापकातील धातू आठवतो. छत्तीसगढीत मात्र पारा म्हणजे मोहल्ला. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपूर येथे राहून छत्तीसगढचा कारभार पाहिला, आणि नागपूरकर भोसल्यांच्या त्या अमलापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे वसत गेली. त्यांच्या घरांमुळे ही वस्ती आजही ओळखली जाते.

अशा जुन्या वस्तीतील घर सहसा एका दमात बांधलेले नसते. भावाभावांत वाटण्या होतात आणि मध्ये भिंत उभी राहते. जिना पुढे सरकतो. ओसरी बंदिस्त होऊन तिची खोली होते. याचा परिणाम असा की, बैठकीच्या खोलीची डावी बाजू आणि उजवी बाजू यांचा एकमेकींशी मेळ राहत नाही. एकीकडे जाड सलग भिंत, तर दुसरीकडे रुंद दार. बसण्याउठण्यास याची अडचण नसते. अडचण सुरू होते ती त्या खोलीत दोन ध्वनिक्षेपक मांडून गाणे ऐकावयास बसल्यावर. गायिकेचा स्वर दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्ये उमटावयास हवा, तो भिंतीकडे सरकतो. डग्ग्याचा नाद त्याच कोपऱ्यात साचून राहतो. ऐकणारा यंत्राला दोष देतो, दुकानात जाऊन अधिक किमतीचे यंत्र आणतो, आणि तोच दोष पुन्हा ऐकत बसतो. कारण दोष यंत्रात नव्हताच.

दोन ध्वनिक्षेपकांच्या मध्ये, जेथे कोणतेही यंत्र नाही तेथे, स्वर ऐकू येतो तरी कसा? ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या डिसेंबरात या विषयावरील पेटंटासाठी अर्ज केला. त्यामागील विचार साधा आहे. दोन्ही ध्वनिक्षेपकांतून एकच ध्वनी, एकाच वेळी आणि सारख्याच जोराने श्रोत्यापर्यंत पोचला, तर दोन्ही कानांना समान वार्ता मिळते आणि मेंदू ध्वनीचे स्थान समोर ठरवितो. ही समानता फार नाजूक असते. एक ध्वनिक्षेपक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जवळ असला, तर त्याचा ध्वनी एक सहस्रांश सेकंद आधी पोचतो, आणि एवढ्यानेच स्वर जवळजवळ पूर्णपणे त्या ध्वनिक्षेपकावर जाऊन बसतो. म्हणून पहिले काम दोरीचे आहे. खुर्चीच्या पाठीला, श्रोत्याचे डोके जेथे येईल तेथे, दोरीचे एक टोक बांधावे आणि दोन्ही ध्वनिक्षेपकांपर्यंतचे अंतर तिने मोजावे. फरक एका सेंटिमीटरच्या आत आणावा. खोली कितीही वाकडी असली तरी हा समद्विभुज त्रिकोण तीत आखता येतो.

परंतु श्रोत्याला ध्वनिक्षेपकाचा केवळ सरळ आलेला ध्वनी ऐकू येत नाही. आरसा जसा प्रकाश परत फेकतो, तशी भिंत ध्वनी परत फेकते. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजविणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. तेथे अंतरे एवढी मोठी आहेत की प्रत्येक परावर्तन सुटे ऐकू येते. घरातील खोलीत ते सुटे पडत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, मूळ ध्वनीमागून काही सहस्रांश सेकंदांत येणारे परावर्तन कानास निराळे जाणवत नाही. ते मूळ ध्वनीतच मिसळते. मात्र मिसळताना ते त्याचा रंग पालटते, त्यास पसरट करते, आणि फारच लवकर व जोरदार आले तर त्यास आपल्या बाजूस ओढते. विषम खोलीत असे ओढणे एकाच बाजूस घडते. ध्वनिवर्धकावरील डाव्या-उजव्या जोराचे बटण फिरवून यावर उपाय करण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्या बटणाने जोर कमीजास्त होतो. भिंतीवरून आलेला ध्वनी नाहीसा होत नाही.

येथे दुतोंडी ध्वनिक्षेपक उपयोगी पडतो. शास्त्रीय भाषेत त्यास द्विध्रुव म्हणतात. ध्वनिक्षेपकाचे पटल पुढे सरकले की पुढील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. पुढचा व मागचा तरंग सारख्याच जोराचे, परंतु परस्परविरुद्ध असतात. बंद पेटीच्या ध्वनिक्षेपकात मागचा तरंग पेटीत कोंडून टाकलेला असतो. द्विध्रुवात पेटीच नसते. पटल उघड्या फळीत बसविलेले असते, किंवा ताणलेला मोठा पापुद्राच पटलाचे काम करतो. पीटर वॉकर यांनी इंग्लंडमध्ये रचलेला आणि १९५७ साली विक्रीस आलेला ‘क्वाड’ हा स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपक याच जातीचा. पुढे झीगफ्रीड लिंक्विट्झ यांनी साध्या शंकूच्या ध्वनिक्षेपकांपासून द्विध्रुव कसे करावेत याचा दीर्घकाळ अभ्यास केला.

आता फळीच्या कडेस उभे राहिल्यास काय होईल? पुढचा दाबाचा तरंग आणि मागचा विरळपणाचा तरंग दोन्ही तेथे एकाच वेळी पोचतात आणि एकमेकांस मारतात. म्हणजे पटलाच्या पातळीत, डावीउजवीकडे आणि वरखालीही, जवळजवळ शांतता असते. समोर व मागे ध्वनी पूर्ण जोरात, अक्षापासून ६० अंशांवर निम्मा, ९० अंशांवर नाहीसा, अशी त्याची वाटणी होते. कागदावर रेखाटली तर ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसते.

शाळेत हे पाहण्यास फारसे साहित्य लागत नाही. जुन्या रेडिओतून काढलेला उघडा ध्वनिक्षेपक तारांनिशी हातात धरावा आणि कोणाचे तरी भाषण लावून तो कानापुढे सावकाश फिरवावा. कड कानाकडे आली की आवाज बारीक होतो. मग सुमारे ६० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या जाड पुठ्ठ्यास मध्यभागी भोक पाडून त्यावर तोच ध्वनिक्षेपक दाबून धरावा. आवाज एकदम भरदार होतो, खर्ज परत येतो. कारण मागच्या तरंगास वळसा घालून पुढे येण्यास आता लांबचा मार्ग पडतो. स्वरकाटा कानाजवळ उभा धरून स्वतःभोवती फिरविल्यासही असाच अनुभव येतो, फक्त त्याची दोन पाती उलटसुलट हालत असल्यामुळे एका फेऱ्यात शांततेच्या दिशा दोन नव्हे तर चार सापडतात.

खरे पाहता, असे यंत्र घराघरांतून पूर्वीच येऊन गेले आहे. आकाशवाणीचे रायपूर केंद्र १९६३ साली सुरू झाले, त्या काळातील निर्वात नळ्यांच्या रेडिओंची पाठ उघडी असे, किंवा तिला भोके पाडलेला पुठ्ठा लावलेला असे. नळ्यांची उष्णता बाहेर जावी हा त्यातील हेतू. पण खालच्या स्वरांच्या बाबतीत तो रेडिओ दुतोंडीच होता. फळीवरचा रेडिओ भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्याने त्याचा आवाज बदलतो, हे त्या पिढीतील अनेकांच्या कानांनी टिपले होते. रेडिओ एकच असल्यामुळे डाव्याउजव्याचा प्रश्न मात्र तेव्हा उद्भवला नव्हता.

आता एक खोली कल्पू या. रुंदी ३.६ मीटर, लांबी ५.४ मीटर, उंची ३ मीटर. डावीकडे विटांची सलग भिंत. उजवीकडे, ध्वनिक्षेपकांच्या थोडे पुढे, आतल्या घरात जाणारे दीड मीटर रुंदीचे दार. समोरच्या भिंतीत एका अंगास लाकडी फडताळ, दुसऱ्या अंगास खिडकी. दारातून माणसांची ये-जा चालू राहणार, चहाचा ट्रे घेऊन कोणी तरी येणार, म्हणून उजवीकडे वाट सोडणे भाग आहे. त्यामुळे डावा ध्वनिक्षेपक डाव्या भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर, आणि उजवा उजव्या बाजूपासून १ मीटर १० सेंटिमीटरवर येतो. दोहोंमधील अंतर १.८ मीटर, दोन्ही समोरच्या भिंतीपासून १.२ मीटर पुढे. आणि त्यांच्या रेषेपासून २.१ मीटर अंतरावर, मध्यरेषेवर, श्रोता.

या मांडणीत डाव्या ध्वनिक्षेपकाचा सरळ ध्वनी श्रोत्यापर्यंत सुमारे २.२९ मीटर चालतो. भिंतीवर आदळून येणाऱ्या ध्वनीस ३.११ मीटर चालावे लागते. फरक सुमारे ८३ सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम २.४ सहस्रांश सेकंद. बंद पेटीचा ध्वनिक्षेपक खालच्या व मधल्या स्वरांत सर्व बाजूंस जवळपास सारखाच ध्वनी टाकतो. त्यामुळे हे परावर्तन सरळ ध्वनीच्या सुमारे ७३ टक्के तीव्रतेने (येथे तीव्रता म्हणजे तरंगातील दाब समजावा) येऊन पोचते. उजवीकडे ज्या जागी परावर्तन व्हावयाचे तेथे नेमके उघडे दार आहे. तेथून काहीच परत येत नाही. एका कानाशी भिंत बोलते, दुसऱ्याशी बोलत नाही. गायिकेचा स्वर डावीकडे का सरकला, याचे उत्तर एवढेच आहे.

याच जागी द्विध्रुव ठेवून त्याचे तोंड सरळ श्रोत्याकडे वळविले, तर भिंतीकडे जाणारा किरण त्याच्या अक्षापासून सुमारे ७१ अंशांवर पडतो. त्या दिशेस त्याचा जोर मुळातच तृतीयांश असतो, आणि परावर्तन सरळ ध्वनीच्या चतुर्थांशावर येते. ध्वनिक्षेपक आणखी आत वळविला, म्हणजे दोन्ही ध्वनिक्षेपकांचे अक्ष श्रोत्याच्या पुढेच एकमेकांस छेदतील असे केले, तर फळीची कड भिंतीवरील त्या परावर्तनबिंदूकडे रोखली जाते. वरील खोलीत सरळ पुढच्या दिशेपासून सुमारे ३८ अंश आत वळविल्यास डावीकडील परावर्तन सरळ ध्वनीच्या अठराव्या हिश्शाएवढे उरते. दार बंद केले तर उजवीकडून जे परावर्तन येईल तेही जवळपास चोविसाव्या हिश्शाएवढेच असते. दोन्ही इतकी क्षीण आहेत की त्यांच्यातील फरकास महत्त्व राहत नाही. श्रोता आता अक्षापासून १५ अंश बाजूस पडतो, पण त्यामुळे त्याचे नुकसान तीनचार टक्क्यांहून अधिक होत नाही. खोलीची भिंत हलली नाही, दार हलले नाही. तरी कानापुरती खोली दोन्हीकडे सारखी झाली.

हे अंश मोजण्यास कोनमापक लागत नाही. श्रोत्याने आपल्या जागी बसावे. दुसऱ्याने दाढीचा आरसा घेऊन तो डाव्या भिंतीस सपाट टेकवावा आणि बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर हळूहळू सरकवीत न्यावा. ज्या जागी श्रोत्यास आरशात डावा ध्वनिक्षेपक दिसेल, तो परावर्तनबिंदू. वरील खोलीत तो ध्वनिक्षेपकाच्या सुमारे ६४ सेंटिमीटर पुढे सापडेल. आता आरसा तेथेच धरून तिसऱ्याने ध्वनिक्षेपक फिरवावा. आरशात फळीचे तोंड दिसेनासे होऊन केवळ तिची कड दिसू लागली की थांबावे. तेच वळण उजव्यास द्यावे. घरातील मुलांना हे काम फार आवडते, आणि प्रकाश व ध्वनी यांचे परावर्तनाचे नियम एकच आहेत हे त्यांना त्यातून आपोआप कळते. प्रत्यक्षातील ध्वनिक्षेपक गणितातल्या द्विध्रुवाएवढा निर्दोष नसतो. अतिशय वरच्या स्वरांत त्याचे वागणे त्याच्या बांधणीप्रमाणे बदलते. म्हणून शेवटचे दोनतीन अंश कानानेच ठरवावे लागतात.

बाजूचा प्रश्न असा सुटतो खरा, परंतु मागे दुसरा उभा राहतो. द्विध्रुव पुढे जेवढा ध्वनी टाकतो तेवढाच मागेही टाकतो. समोरच्या भिंतीवर आदळून तो परत येतोच, आणि तो उलट्या कलेत, म्हणजे दाबाच्या जागी विरळपणा घेऊन येतो. बंद पेटी भिंतीस टेकविली तर खर्ज वाढतो. द्विध्रुव टेकविला तर परत आलेला उलटा तरंग खर्जास खाऊन टाकतो. ध्वनिक्षेपक भिंतीपासून अवघ्या ३० सेंटिमीटरवर असला तर हे परावर्तन दीड सहस्रांश सेकंदातच, आणि निम्म्याहून अधिक तीव्रतेने मागोमाग येते. स्वर धूसर होतो. १.२ मीटर अंतर ठेवले तर ते सुमारे ६.७ सहस्रांश सेकंदांनी, तृतीयांश तीव्रतेने येते. एवढा अवकाश मिळाला की कान त्यास मूळ स्वरापासून वेगळे काढतो आणि त्यातून गायनाला मागे खोली लाभल्यासारखे वाटते. भिंतीपासून किमान एक मीटर, हा नियम त्यामुळेच सांगितला जातो. ज्या घरात एवढी जागा सोडता येत नाही, पलंग किंवा कपाट हलविणे शक्य नाही, त्या घराने द्विध्रुवाच्या नादी लागू नये. तेथे बंद पेटीच बरी.

मागचा तरंग दोन्ही बाजूंस सारख्या वस्तूंवर आदळावा, हेही पाहावे लागते. वरील खोलीत एका मागे लाकडी फडताळ आणि दुसऱ्यामागे खिडकीची काच आहे. फडताळाची दारे उघडून त्यात कमीअधिक खोलीची पुस्तके लावली, आणि खिडकीपुढे तसाच पुस्तकांचा घोडा ठेवला, तर ध्वनी दोन्हीकडे विखुरला जातो. अनेक जण येथे भिंतीवर चादर किंवा गोधडी टांगतात. वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून हार्वर्ड येथील व्याख्यानगृहात गाद्या नेऊन ठेवून आणि पुन्हा बाहेर काढून निनादाचे मोजमाप केले, तेव्हापासून मऊ वस्तू ध्वनी शोषतात हे शास्त्राला संख्येने ठाऊक आहे. पण पातळ कापड केवळ वरचे स्वर शोषते. सेकंदास १०० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी ३.४४ मीटर, तिला एका चादरीची काय पर्वा! परिणाम एवढाच की तंबोऱ्याची जवारी मंदावते आणि डग्ग्याची घुमघुम होती तशीच राहते. लोखंडी कपाट मात्र अवश्य हलवावे. एखाद्या खालच्या स्वरास त्याचा पत्रा आपणहून थरथरू लागतो, आणि ती थरथर कोठून येते हे शोधण्यात आठवडे जातात.

खर्जाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण विषम खोलीत सर्वांत जास्त त्रास तोच देतो. प्रत्येक खोलीस तिचे स्वतःचे स्वर असतात. वरील खोलीत लांबीचा स्वर सेकंदास ३२ कंपनांचा, रुंदीचा ४८ चा आणि उंचीचा ५७ चा येतो. अशा अनुस्पंदनात हवेचा दाब भिंतींशी सर्वांत अधिक हेलकावतो, तर हवेची हालचाल खोलीच्या मध्यात सर्वांत अधिक असते. बंद पेटी हवा आतबाहेर फुंकते, दाब कमीजास्त करते. म्हणून कोपऱ्याजवळ ठेवली की ती खोलीचे स्वर जोराने जागे करते. डावी पेटी भिंतीजवळ, उजवी दूर; साहजिकच डावीकडून डग्गा अधिक घुमतो. द्विध्रुव हवा पुढेमागे ढकलतो. भिंतीलगत, जेथे हवेस हालण्यास जागाच नाही, तेथे त्याचा भिंतीच्या दिशेचा प्रयत्न बहुतांशी वाया जातो. आणि फळीच्या पातळीतील दिशेस, म्हणजे उंचीच्या स्वरास, तो जवळजवळ हात लावीत नाही. त्यामुळे एक बाजू भिंतीजवळ आहे म्हणून ती फुगत नाही.

याची किंमत चुकवावी लागते. फळीचा वळसा अर्ध्या मीटरचा असला तर सेकंदास साधारण ११५ कंपनांच्या खाली पुढचा व मागचा तरंग एकमेकांस अधिकाधिक मारू लागतात, आणि एकेक सप्तक खाली जावे तसतसा जोर निम्मा होत जातो. तो भरून काढण्यास पटल मोठे हवे, त्याची धाव लांब हवी, आणि ध्वनिवर्धकातून खालच्या स्वरांस अधिक जोर द्यावयास हवा. लहान व स्वस्त द्विध्रुवाकडून मृदंगाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. गायन, सतार, बासरी, बोलणे यांत मात्र त्याची बरोबरी करणे कठीण असते. पेटीच्या लाकडाचा नाद त्यात मुळी मिसळतच नाही.

श्रोत्याची जागाही थोडी निवडावी लागते. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर लांबीचा सर्वांत खालचा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही, तर मागच्या भिंतीस पाठ टेकून बसल्यास तो नको एवढा ऐकू येतो. वर कल्पिलेल्या खोलीत श्रोता समोरच्या भिंतीपासून ३.३ मीटरवर, म्हणजे मध्यापासून ६० सेंटिमीटर मागे आहे. ते ठीक आहे.

राहिला प्रश्न ऋतूंचा. रायपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि ४० अंशांस ध्वनीचा वेग सेकंदास ३४४ ऐवजी सुमारे ३५५ मीटर होतो. खोलीचे सर्व स्वर त्यामुळे तीन टक्क्यांनी चढतात. दोन्ही बाजूंस ते सारखेच चढत असल्याने मांडणी बिघडत नाही. बिघडते ती कूलरमुळे. खिडकीत कूलर बसला की एका ध्वनिक्षेपकामागची काच जाऊन तेथे पत्र्याची घरघरणारी पेटी येते, पुस्तकांचा घोडा हलवावा लागतो, आणि हवा खेळावी म्हणून दार रात्रभर उघडे राहते. थंडीत दार बंद होते, कूलर निघतो. बंद पेटीचे ध्वनिक्षेपक असलेल्या घरात दार लावले की गाण्याचे स्थान बदलते आणि बटणे पुन्हा फिरवावी लागतात. नीट वळविलेल्या द्विध्रुवांच्या बाबतीत ही वेळ क्वचित येते. एकट्या मानवी आवाजाचे ध्वनिमुद्रण दोन्ही ध्वनिक्षेपकांतून सारखे लावून, दार एकदा उघडून आणि एकदा लावून ऐकले की याची परीक्षा होते. बोलणारा माणूस दोन्ही वेळा त्याच जागी उभा असेल, तर मांडणी साधली असे समजावे. तो हलला, तर आरसा पुन्हा भिंतीस लावावा.

एवढी जागा दिवसभर अडवून ठेवणे बहुतेक घरांना परवडत नाही. म्हणून मांडणी एकदा साधल्यावर जमिनीवर ध्वनिक्षेपकांच्या चारही कोपऱ्यांशी आणि खुर्चीच्या पायांशी खडूने, अथवा फरशीच्या सांध्यात रंगाच्या बारीक ठिपक्याने, खुणा कराव्यात. एरवी ध्वनिक्षेपक भिंतीशी सरकवून ठेवावेत; संध्याकाळी गाणे लावावयाचे झाले की ते पुढे ओढून खुणांवर आणावेत.